समुद्राचा वॉलमन

कुणाच्या घरी गेलं की माणूस आधी चपला काढतो, मग टेकतो, मग त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या येतो. सिद्रामप्पा चपला काढतात आणि थेट न्हाणीत जातात. तिथला नळ सोडतात, डोळे मिटून धारेखाली तळहात धरतात, पाच-सहा सेकंदांनी नळ घट्ट बंद करतात आणि मगच बैठकीत येऊन निकाल देतात, "चार आण्याचं प्रेशर हाय."

आमच्या घराला आजवर सहा आण्यांच्या वर मजल मारता आलेली नाही. माझ्या सासऱ्यांच्या नव्या घराला मात्र एकदा बारा आणे मिळाले होते. तेव्हापासून माहेरचा विषय निघाला की सुरेखा, म्हणजे माझी बायको, तो आकडा हमखास काढते.

सिद्रामप्पा आमचे शेजारी. लोहारा तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका मोठ्या गावात त्यांनी बत्तीस वर्षं वॉलमनची नोकरी केली. वॉलमन म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. आपल्या भागात कलेक्टरचं नाव सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही, वॉलमनचं मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उन्हाळ्यात पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं आणि त्यांचा फोन दिवसभर वाजायचा. "अप्पा, आमच्याकडं कवा?" "अप्पा, खालच्या आळीला तासभर आन् आमाला अर्धाच तास व्हय?" पुढं शिव्या. ते चावीचे आटे, म्हणजे फेरे, कानडीत मोजत, ओंदु, एरडु, मूरु. शिव्यांनी मोजदाद चुकू नये म्हणून ही सवय लागली, असं त्यांचं म्हणणं. आमची पोरं आता जिनासुद्धा कानडीत उतरतात.

ते निवृत्त झाल्यावर मुलानं धाराशिवात आमच्या शेजारी घर बांधलं. घराचं काम संपलं त्याच वर्षी त्याची हैदराबादला बदली झाली. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. तीन खोल्यांच्या त्या घरात अप्पा एकटे असतात आणि त्यांचा फोन आता वाजत नाही.

त्यांचा एक शब्द आहे, "नंबरानं." पोरं मोबाईलसाठी भांडायला लागली की "नंबरानं." लग्नाच्या पंगतीत वाढपी एका रांगेला विसरला की मोठ्यानं "नंबरानं!" एकदा माझं आणि सुरेखाचं कडाक्याचं वाजलं, तेव्हा खिडकीतून शांत आवाज आला, "नंबरानं बोला. आधी बाई." त्या दिवशी माझा नंबर आलाच नाही.

आता थोडं माझ्याबद्दल. मी भूगोलाचा शिक्षक. गेली चौदा वर्षं 'बेट म्हणजे काय' हा प्रश्न दोन मार्कांना विचारतो आणि 'चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग' असं लिहिणाऱ्याला दोन्ही मार्क देतो. बेट मी स्वतः फक्त नकाशात पाहिलेलं. समुद्र एकदा पाहिलेला, नववीच्या सहलीत, तोही बसच्या खिडकीतून, कारण मला गाडी लागली होती. अशा माणसानं एप्रिलातल्या एका दुपारी, कूलरसमोर बनियनवर बसून जाहीर केलं, "या सुट्टीत आपण बेटावर जायचं."

"बेट म्हणजे?" चार वर्षांच्या ओवीनं विचारलं. मी दोन मार्कांचं उत्तर दिलं.

"तुम्ही पाहिलंय?" सात वर्षांच्या शंभूनं विचारलं.

"पाहिलंय," मी म्हणालो. नकाशाचा उल्लेख टाळला.

अप्पा तेव्हा आमच्याकडंच बसले होते. ते दचकून म्हणाले, "सर, बेटात लेकरं न्यायची? साप असत्यात की!"

आमच्याकडं बेट म्हटलं की कळकाचं, म्हणजे बांबूचं, ओढ्याकाठी दाटलेलं. दुसऱ्या कुठल्या बेटाशी अप्पांचा कधी संबंध आला नव्हता. मी त्यांना समजावलं, की कोकणात खाडीच्या तोंडाला असं एक बेट आहे, चारी बाजूंनी पाणी, होडीनं जायचं, तिथं एका घरात राहायची सोय आहे. अप्पा बराच वेळ कूलरकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चारी बाजूनं? आन् सोडतं कोण?"

तिथून आमच्या सहलीचा इंतजाम त्यांच्या हातात गेला.

मी लॅपटॉपवर एक फाईल केली होती, 'कोकण अंतिम' नावाची. मग 'कोकण अंतिम दोन' झाली आणि शेवटी 'कोकण खरंच अंतिम'. तिच्यात तक्ते होते, रंग होते, पोरांच्या झोपेच्या वेळा होत्या. अप्पांनी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहायला घेतलं. पहिली ओळ होती, 'पानी - जार ४'.

"अप्पा, बेटावर गोड्या पाण्याची विहीर आहे. मी व्हिडिओत पाहिलंय."

"आसंल. पन त्यांची हीर, त्यांची लोकं. आपुन पाव्हणं जाऊन त्यांच्यातलं बिननंबराचं प्यायचं? आन् मंग त्यांनी काय करायचं?"

समुद्राकाठी सुट्टीला जाताना धाराशिवातून ऐंशी लिटर पाणी घेऊन जाणारं पृथ्वीतलावरचं पहिलं कुटुंब आमचं असावं. मी विरोध केला, पण सुरेखा म्हणाली, "पोरांचं पोट बिघडलं तर?" आणि विषय संपला. फाईलमधून मी पोरांच्या फुगणाऱ्या बदकासाठी राखलेली डिकीतली जागा काढून टाकली.

खरा पेच भरतीचा होता. त्या बेटाच्या धक्क्याला भरती असली तरच होडी लागते. ओहोटीला सगळा चिखल. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "सोपं आहे. सहा तास भरती, सहा तास ओहोटी. परवा शनिवारी अकराला भरती आहे, म्हणजे पुढच्या शनिवारीही अकरालाच." आणि फाईलमध्ये हिरव्या रंगात अकरा लिहिलं.

अप्पांचा माझ्यावर अविश्वास नव्हता. पण बत्तीस वर्षांत त्यांनी कागदावरच्या टायमाला पाणी आलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडून बेटावरच्या त्या घराचा नंबर घेतला आणि फोन लावला. घर चालवणाऱ्या वैशालीवहिनींनी उचलला.

"नमस्कार, धाराशिववरनं सिद्राम बोलतोय. तुमच्याकडं पाणी कवा येतंय?"

"आमच्याकडं पाणी चोवीस तास आहे, काका," वहिनींना वाटलं गिऱ्हाईक नळाचं विचारतंय.

अप्पांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडं बघितलं आणि बंद केला. "सर," ते हळू आवाजात म्हणाले, "त्या बाईची तब्येत बरी न्हाय."

दुसऱ्या फोनला उलगडा झाला. मग अप्पा रोज फोन करायला लागले. आज धक्क्याला पाणी किती वाजता भरलं, किती वाजता उतरलं, सगळं कॅलेंडरच्या पाठीमागं. पाचव्या दिवशी ते तावातावानं आमच्याकडं आले. न्हाणीत जायचंसुद्धा विसरले.

"सर, रोज पाऊण तास लेट! काल बाराला, आज पावणेएकला. कोण हाय तिथला वॉलमन? आमच्याकडं आसलं केलं असतं तर लोकांनी पंचायतीला कुलूप लावलं असतं."

"अप्पा, भरती चंद्रामुळं येते," मी शिक्षकी आवाजात म्हणालो. हे वाक्य मी चौदा वर्षं फळ्यावर लिहीत आलोय.

अप्पा थांबले. भिंतीकडं बघत त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. "मंग बराबर हाय. चांद बी रोज पाऊण तास लेटच उगवतो की."

भरती चंद्रामुळं येते हे मला माहीत होतं. चंद्र रोज उशिरा उगवतो हेही माहीत होतं, कुठल्या तरी दुसऱ्या धड्यात. या दोन धड्यांची गाठ मी कधी घातलीच नव्हती. माझ्या हिरव्या अकरा वाजता आम्ही पोचलो असतो, तर दोन पोरं, एक बायको आणि ऐंशी लिटर पाणी घेऊन गुडघाभर चिखलात उभे असतो. त्या संध्याकाळी मी 'कोकण खरंच अंतिम' गुपचूप पुसून टाकली आणि अप्पांनी काढून दिलेली तारीख धरली. दुपारी एकची भरती.

पुढं तर वैशालीवहिनीच रोज जेवणाच्या सुमाराला अप्पांना फोन करायला लागल्या. "काका, आज दोन वाजून दहा." अप्पा फोन उचलताना उठून उभे राहात. मला हे सुरेखानं दाखवलं, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अप्पांना यायचं होतं. हे गल्लीतल्या सगळ्यांना कळलं होतं. इस्त्रीवाल्यानंसुद्धा मला विचारलं, "अप्पांना नेताय म्हणं?" गाडीत पाच जणांची जागा, आम्ही चौघं. म्हणजे जागेची अडचण नव्हती. मी सुरेखाला सांगायचो, वय झालंय त्यांचं, घाटात काही झालं तर, दोन लहान पोरं सांभाळायची की म्हातारा माणूस. खरं कारण इतकं लाजिरवाणं आहे की इथं लिहितानाही पेन अडतंय. मला त्या बेटावर पोरांसमोर भूगोलाचा सर व्हायचं होतं. लाटा, खाडी, भरती, सगळं हात हलवून सांगायचं होतं. अप्पा असताना ते जमलं नसतं.

"त्या माणसानं महिनाभर तुमच्या सहलीसाठी जीव टाकलाय," सुरेखा म्हणाली. "एकदा विचारा तरी."

"विचारलं आणि हो म्हणाले तर?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच बाहेर पडलो.

अप्पा फाटकाशी उभे होते. मी गाडीची काच पुसता पुसता, त्यांच्याकडं नीट न बघता म्हणालो, "अप्पा, तुम्ही पण आला असता की."

मराठीचा शिक्षक नसलो तरी एवढं कळतं, की 'चला' वेगळं आणि 'आला असता' वेगळं. 'आला असता'मध्ये माणसाला दार दाखवून वर कडी लावलेली असते. शिवाय आपल्याकडं पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, ही ज्याला विचारलं त्याची रीत. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारायचं, ही विचारणाऱ्याची. घोटभर चहासुद्धा कुणी पहिल्या हाकेला घेत नाही.

"न्हाय, न्हाय," अप्पा रीतीप्रमाणं म्हणाले. "मला काय करायचंय समिंदरात." आणि थांबले. माझ्याकडं बघत थांबले.

"बरं, जशी तुमची मर्जी," मी म्हणालो आणि घरात आलो. सुरेखानं सगळं ऐकलं होतं. तिनं मला जेवायला वाढलं, पण भाजी आणखी हवी का हे विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी जार आणायला अप्पांच्या घरी गेलो. ते मागच्या अंगणात जार भरत होते. पाणी फडक्यातून गाळून, घाई न करता. "आत बसा, सर, शेवटचाच ऱ्हायलाय," त्यांचा आवाज आला. मी आत गेलो आणि बाजेवर बसायला लागलो, तर तिथं एक कापडी पिशवी भरून ठेवलेली. धोतर, टॉवेल, घडी केलेले दोन सदरे, विभूतीची डबी. आणि सगळ्यात वर एक हाफ पँट. निळी, नवी कोरी, दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी, कमरेला लेबल तसंच.

अप्पांना मी जन्मात धोतराशिवाय पाहिलेलं नाही.

ते हात पुसत आत आले आणि माझ्या नजरेच्या मागं त्यांची नजर गेली. "नातवाला आणलीय," ते घाईनं म्हणाले.

नातू सहा वर्षांचा. लेबलावर चाळीस आकडा होता. आम्ही दोघांनीही तो वाचला. अप्पांनी पँटवर टॉवेल ओढला आणि खाली बघत उभे राहिले, घरचा अभ्यास न केलेल्या पोरासारखे.

मला फार लाज वाटली. बाजारात जाऊन, चार दुकानं फिरून, या वयात कुणी विचारलं तर काय सांगायचं याची तयारी करून हा माणूस हाफ पँट घेऊन आला होता. आणि मी काच पुसत होतो.

"अप्पा, चला आमच्याबरोबर," मी म्हणालो.

"न्हाय हो. गाडीत जागा कुठं."

"आहे. चला."

"जार?"

"जार डिकीत. चला, अप्पा."

"म्या घोरतो."

"सुरेखाला सवय आहे. चला."

आता मी एक एक आटा मोजत होतो. अप्पांनी आणखी दोन अडचणी काढल्या, कुलपाची आणि तुळशीच्या पाण्याची. तुळशीचं इस्त्रीवाला बघेल, मी म्हणालो. त्यांनी पँटवरचा टॉवेल नीट केला. मग म्हणाले, "कुठली सीट?"

"खिडकीची."

"खिडकी लेकरांना द्या. नंबरानं," अप्पा म्हणाले आणि कुलूप शोधायला आत गेले.

प्रवासाचं फार सांगत नाही. कोल्हापुरात मुक्काम केला. घाटात गाडी लागली ती अप्पांना नाही, पोरांनाही नाही, मला. गाडी चालवत असताना गाडी लागणारा माणूस सुरेखानं पहिल्यांदाच पाहिला. पुढच्या घाटात गाडी तिनं उतरवली आणि मी अप्पांनी दिलेलं लिंबू हुंगत मागं बसलो. एकला दहा मिनिटं असताना धक्क्यावर पोचलो. पाणी काठोकाठ होतं, होडी उभी होती. होडीवाल्यानं चार जार पाहिले आणि आमच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी दूर क्षितिजाकडं बघायला लागलो. वैशालीवहिनींच्या घरी अप्पांनी चपला काढल्या, न्हाणी विचारली, नळ सोडला आणि बाहेर येऊन एखादं पदवीदान करावं तसं म्हणाले, "सोळा आणे." वहिनी अजून त्याचा अर्थ शोधत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बेटाच्या समुद्राकडच्या अंगाला गेलो. शंभू वाळूत खड्डा खणायला बसला, ओवी त्याचा खड्डा बुजवायला. सुरेखा पाण्यात शिरली ती बाहेर यायला तयार नव्हती. अप्पा निळ्या हाफ पँटीत, वर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर टोपी, ओल्या वाळूच्या कडेला उभे होते. लाट आली की दोन पावलं मागं सरायचे.

"पाय घाला की, अप्पा."

"पाण्याला पाय लावायचा?" ते म्हणाले. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि मी काही म्हणायच्या आत पिऊन टाकलं. मग जोराचा ठसका लागला.

"खारट असतं, माहीत आहे ना?"

"माहीत हाय," ते खोकत खाली बसले. "पन एवढं आसंल आसं वाटलं न्हवतं. एवढं दिलं आन् मीठ घालून ठिवलं देवानं."

मी त्यांच्या शेजारी बसलो. समोर नुसतं पाणी, डोळे जातील तिथपर्यंत. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "एवढं पाणी, सर. आन् एक मानूस शिव्या देईना."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"एक साल लई वंगाळ होतं," ते वाळूत बोट फिरवत म्हणाले. "वरच्या आळीला शेवटचं एक घर, प्रेशर तिथवर पोचायचंच न्हाय. म्या तरी काय करनार? एक दिवस त्या घरातली बाई कडेवर लेकरू घेऊन वॉलच्या खड्ड्यापाशी आली. म्हनली, सिद्राम, मरताना तुझ्या तोंडात पाणी घालायला कुणी ऱ्हानार न्हाय."

"रागात म्हणाली असेल, अप्पा."

"तिची काय चूक? लाईनच्या शेवटाला होती. म्या रागावलो न्हाय." त्यांनी वाळूची मूठ भरली. "पन आमच्या घरातलं मानूस गेल्यापसनं रोज उशाला तांब्या भरून ठिवतो. हात पोचंल इतक्या जवळ."

अप्पांना पुन्हा ठसका लागला, घशातलं मीठ जाईना.

खड्ड्यापाशी बसलेल्या ओवीनं वर बघितलं. ती उठली, सुरेखाच्या पिशवीतून आपली गुलाबी पट्ट्याची बाटली काढली, आणि वाळूत दोनदा पडत आमच्याकडं आली. अप्पांनी बाटलीसाठी हात पुढं केला. हात वाळूनं भरलेला होता.

"घाणेरडे हात," ओवी तिच्या आईच्या आवाजात म्हणाली. "आ करा."

ते बसलेले आणि ती उभी, दोघांची तोंडं एका उंचीवर. अप्पांनी टोपी काढली आणि आ केला. ओवीनं दोन्ही हातांनी बाटली धरून पाणी ओतलं. निम्मं तोंडात गेलं, निम्मं सदऱ्यावर. त्यांनी घोट गिळला, पण डोळे उघडले नाहीत.

"अजून?" ओवीनं विचारलं.

अप्पांनी मान हलवली आणि पुन्हा आ केला. मला पुढं बघवेना. मी उठलो आणि शंभूच्या खड्ड्याशी जाऊन उगाच दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागलो.